पासिंगचा दिवस

डिचोलीच्या बसस्टँडमागे फोंडू गावसाचं गॅरेज,
म्हणजे एक पत्रा, माडाचे दोन वासे
आणि पिठाच्या गिरणीतून ओढलेली वीज.
तिथं मी सहा वर्षं होतो.
सातव्या वर्षी वेर्ण्याच्या शोरूमचं बोलावणं आलं
आणि मी ते सांगितल्यापासून
फोंडू माझ्याशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलायचा.
दहा. बारा. चौदाचा रिंग.

सोमवारी कायतान आला, पायलट.
मडगार्ड पिवळं, तोंड त्याहून पिवळं.
अकराला गाडीचं पासिंग,
आणि खनिजाच्या ट्रकानं मागे येताना
बाजूचं पॅनल फोडलेलं. तीन तुकडे.
चौथा, नखाएवढा, रस्त्यानं ठेवून घेतला.
कायताननं ते रुमालात बांधून आणले होते,
पडलेले दात आणावेत तसे.

फोंडूनं ड्रॉवरमधून ट्यूब काढली,
डोळ्यात घालायच्या औषधाएवढी.
टाचणीनं तोंड उघडलं.
"कडा पूस. पेट्रोलचा हात लावू नको."
आठ दिवसांतलं त्याचं पहिलं पुरं वाक्य.

नवख्याला वाटतं, थर जाड तर जोड पक्का.
या गोंदाचं उलटं. जितका कमी, तितका धरतो.
हवेतल्या ओलीवर तो घट्ट होतो,
आणि ओल डिचोलीत कुणी विकत घेत नाही.
कड कडेला टेकवायची,
वीस आकडे मोजायचे, आणि मोजताना
श्वाससुद्धा हलवायचा नाही.

चौथ्या तुकड्याच्या जागी
चहावाल्या सुशेलाबाईचा खायचा सोडा.
चिमूट दाबून भरली, वर एक थेंब.
चर्र झालं, पांढरा धूर आला, डोळ्यांत पाणी.
ते धुराचं होतं.
क्षणात सोड्याचा दगड. फोंडू कानस घ्यायला वळला
आणि वळता येईना.
माझा अंगठा पॅनलला,
त्याचं बोट माझ्या अंगठ्याला.

कायताननं घड्याळ पाहिलं.
"सायबा म्हज्या! आतां तुमकां दोगांकूय पासिंगाक व्हरूं?"

मी हिसका दिला.
"ओढू नको. ओढलं की कातडं त्याच्याकडे राहतं.
लाटणं फिरवतात तसं फिरव. सावकाश."
सुशेलाबाईनं साबणाचं कोमट पाणी आणलं,
ज्या टोपात ती कप विसळते त्यातच.
पॅनलसकट आम्ही दोघं त्यावर वाकलो.

इतक्या जवळून त्याची बोटं मी कधी पाहिली नव्हती.
टोकं गुळगुळीत, रेघ नाही.
रेशनच्या मशीनला तो ओळखू येत नाही.
दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लाव,
आणि हा दहाही लावून
तांदूळ न घेता परत येतो.
हे तो हसत सांगायचा. त्या दिवशी सांगितलं नाही.

"पगार?"
"अठरा."
"जेवण?"
"कँटीन आहे."
"पत्रा गळतो का तिथला?"
"पत्रा नाही. स्लॅब."
"हं."
पाणी निवलं. माझा अंगठा सुटला,
त्याचं बोट कधी सुटलं कळलं नाही,
ते पाण्यातच होतं.
"कानस दे," तो म्हणाला. मग, "बारीक."

कायतानची गाडी पास झाली.
इन्स्पेक्टरनं म्हणे हॉर्न तेवढा वाजवून बघितला.

शोरूममध्ये पॅनल फुटलं तर पॅनल बदलतात.
कोड टाकायचा, बिल काढायचं.
हातांत मोजे असतात, कशाला काही चिकटत नाही.

परवा म्हापशाच्या सिग्नलला
पुढे एक पिवळं मडगार्ड दिसलं.
पॅनलचा रंग उन्हानं पार उडालेला,
एका कोपऱ्यात नखाएवढा पांढरा ठिपका.
मी हॉर्न दिला.
कायतानला वाटलं, मागचा वाट मागतोय.
त्यानं गाडी बाजूला घेतली.